बत्तीस मुलगे, वीस मुली, पण कितीपैकी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहात. प्रकल्पासाठी गूगल फॉर्म केलात, कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलात आणि १२० जणांनी तो भरला, ८० मुलगे आणि ४० मुली. विचारलं काय, तर कॉलेजला कसे येता (१ पायी, २ सायकल, ३ दुचाकी, ४ एसटी, ५ वडाप), गेल्या आठवड्यात पहिल्या तासाला उशीर झाला का (कधीच नाही, एकदोनदा, बहुतेक रोज), आणि झाला असेल तर कारणं कोणती, त्यात हवी तितकी निवडायची मुभा. उशीर झालेल्यांत ३२ मुलगे आणि २० मुली निघाल्या. त्याचा पाय चार्ट काढून खाली लिहिलंत, ‘मुलं मुलींपेक्षा जास्त उशिरा येतात.’ पुढच्या पानावर ‘प्रवासाच्या साधनाची सरासरी ३.१’. सरांनी दोन्ही वाक्यांवर लाल रेघ ओढली आणि काही न बोलता वही परत दिली. आता तुम्ही विचारताय, पाय चार्टऐवजी बार चार्ट काढायला हवा होता का?

(‘वडाप’, म्हणजे माणसं भरून धावणारी खासगी गाडी, वाचून बरं वाटलं. म्हणजे तुम्ही आमच्याच पट्ट्यातले, कऱ्हाड-सांगली-कोल्हापूरकडचे कुठले तरी.)

बार चार्ट काढला असतात तरी लाल रेघ तिथेच पडली असती. मी बावीस वर्षं पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते, अधूनमधून छोट्या संस्थांची सर्वेक्षणंही करून देते. वह्या तपासताना जी चूक सगळ्यात जास्त सापडते ती चित्राखालच्या वाक्यात असते, आणि त्या वाक्यातून बहुतेक वेळा एकच शब्द गळालेला असतो: ‘पैकी’. तिथे येण्याआधी सरासरीचं आटपून घेऊ.

तुमच्या फॉर्ममधली सगळी उत्तरं ही नावं आहेत. एसटी, सायकल, मुलगी, एकदोनदा. त्यांना तुम्ही १ ते ५ आकडे दिलेत ते टाइप करायची सोय म्हणून. आकडा दिला की एक्सेलला वाटतं ही रक्कम आहे, आणि ते निमूटपणे सरासरी काढून देतं. ३.१ म्हणजे दुचाकीच्या जरा पुढे आणि एसटीच्या बरंच मागे. आपल्या रस्त्यांवर हे दृश्य रोज दिसतं, पण प्रकल्पात त्याला अर्थ नाही. वर्गात मी याचं एक उदाहरण देते. पुण्याचा पिन ४११००१, साताऱ्याचा ४१५००१. बेरीज करून दोनने भागा. उत्तर येतं ४१३००१, आणि हा सोलापूरचा पिन आहे. पुणे आणि सातारा यांची सरासरी सोलापूर! हिशेबात एक पैची चूक नाही. आकडे दिसले म्हणून ती संख्यात्मक सामग्री (डेटा) होत नाही. एक साधी परीक्षा करून बघा: क्रमांक उलटसुलट दिले, वडापला १ आणि पायी येण्याला ५ दिलं, तर उत्तर बदलतं का? बदलत असेल तर ते उत्तर तुमच्या विद्यार्थ्यांबद्दलचं नव्हतंच, तुमच्या क्रमांकांबद्दलचं होतं.

मग अशा सामग्रीचं करायचं काय? मोजायचं. कुठल्या गटात किती जण, एवढंच. सर्वांत मोठा गट कोणता ते सांगता येतं, त्याला आपण बहुलक म्हणतो. ‘उशीर किती वेळा’ हा तुमचा रकाना मात्र थोडा वेगळा आहे. त्यातल्या उत्तरांना अंगचा क्रम आहे: कधीच नाही, एकदोनदा, बहुतेक रोज. तुम्ही दिलेले आकडे अनुक्रमे ६८, ३७ आणि १५. इथे मध्यकही काढता येतो. सगळ्यांना क्रमाने ओळीत उभं केलं तर मधले म्हणजे ६० वा आणि ६१ वा विद्यार्थी दोघेही ‘कधीच नाही’मध्ये पडतात. पण ‘एकदोनदा’ आणि ‘बहुतेक रोज’ यांच्यातलं अंतर किती ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे सरासरीचा मोह इथेही टाळाच. अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘उत्तम ५, बरे ३’ असे गुण देऊन सरासरी काढतात हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही काढतात. ती काढावी की नाही यावर संख्याशास्त्रातली माणसंही एकमेकांशी भांडतात. पहिल्या वर्षाच्या प्रकल्पात त्या भांडणात पडायचं कारण नाही.

मोजणी सोपी वाटते, पण गट पाडतानाच निम्मा निकाल ठरून जातो. माझीच एक फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी दुष्काळी भागातल्या काही वाड्यांवर पिण्याचं पाणी कुठून आणता याचं सर्वेक्षण एका संस्थेसाठी केलं होतं. पर्याय होते नळ, विहीर, हातपंप, टँकर, इतर. मोजणी झाली, मी झकास स्तंभालेख (बार चार्ट) काढला, आणि सर्वांत उंच स्तंभ होता ‘इतर’चा. तसाच घेऊन गावच्या बैठकीत गेले. मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, “बाई, हे इतर म्हंजी कुठलं गाव?” हशा पिकला. परत येऊन मूळ कागद काढले तर ‘इतर’पुढे बहुतेकांनी लिहिलं होतं, शेजाऱ्याच्या बोअरचं. खरा निष्कर्ष तोच होता, आणि मीच तो ‘इतर’च्या पोत्यात कोंबला होता. तेव्हापासून ‘इतर’ मोठं झालं की पोतं उघडून बघते.

जनगणनेतही हेच. २०११ च्या जनगणनेत मुख्य कामगार कोण, तर वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलेला. त्याहून कमी केलेला तो सीमांतिक. ऊसतोडीला जाणारी बाई कुठल्या खान्यात जाईल हे या रेषेवर ठरतं, तिच्या कष्टावर नाही. तुमच्याकडेही ‘उशीर’ म्हणजे काय ते फॉर्मवर लिहिलं होतं का? हजेरी झाल्यावर आलेला, की घंटेनंतर दोन मिनिटांनी आलेला? लिहिलं नसेल तर प्रत्येकाने आपापला उशीर मोजलाय. हे आता दुरुस्त होणार नाही, पण मर्यादा म्हणून एका वाक्यात कबूल करता येईल, आणि परीक्षकांना असं वाक्य आवडतं.

कारणांच्या रकान्याबद्दल एक धोक्याची सूचना. एकाहून जास्त निवडायची मुभा होती, तेव्हा गूगल फॉर्मने एकेका विद्यार्थ्याची सगळी कारणं स्वल्पविराम देऊन एकाच खान्यात दिली असतील. ती सुटी करून मोजा. मोजल्यावर बेरीज ५२ च्या वर जाईल, कारण एकाच मुलीने ‘एसटी उशिरा आली’ आणि ‘घरचं काम’ दोन्ही निवडलेलं असेल. इथे पाय चार्ट चालत नाही. वर्तुळ म्हणजे एक अखंड गोष्ट, आणि तुमचे तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत. आडवे स्तंभ काढा आणि खाली लिहा, ‘उशीर झालेल्या ५२ जणांपैकी, एकाहून अधिक कारणं शक्य.’

आता चित्राकडे. हा भाग भराभर उरकते, कारण तुम्हाला वाटतो तितका तो निर्णायक नाही. स्तंभालेख आणि वृत्तालेख (तुमचा पाय चार्ट) दोन्ही एकाच माणसाच्या नावावर आहेत, स्कॉटलंडचा विल्यम प्लेफेअर. १७८६ साली त्याच्याकडे इतर देशांच्या व्यापाराचे वर्षानुवर्षांचे आकडे होते, त्यांच्या त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे, १७८०-८१ चे, सतरा ठिकाणांशी झालेल्या आयात-निर्यातीचे आकडे मिळाले. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून नाइलाजाने त्याने ठिकाणांची नावं लिहून प्रत्येकापुढे पट्ट्या काढल्या. म्हणजे स्तंभालेख जन्मला तोच नावांच्या सामग्रीसाठी. वृत्तालेख १८०१ चा. त्यात त्याने तुर्की साम्राज्याचा आशियातला, युरोपातला आणि आफ्रिकेतला वाटा दाखवला, एकूण तीन तुकडे. वृत्तालेखाला मी तीनचार तुकड्यांची मर्यादा घालते ती अशी पहिल्यापासूनची आहे म्हणायला हरकत नाही. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी माणसं आलेख वाचताना कुठे चुकतात याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच पट्टीवर मोजलेली उंची डोळा बरीच अचूक पकडतो, कोनाच्या बाबतीत तो फसतो.

तुमच्या ‘उशीर किती वेळा’चा वृत्तालेख चालेल. तीनच गट आहेत, प्रत्येक विद्यार्थी एकाच गटात आहे, आणि १२० जण म्हणजे प्रत्येकाला बरोबर ३ अंश: २०४, १११ आणि ४५. कंपासपेटीला आनंद होईल असे आकडे. प्रवासाच्या साधनांचा मात्र स्तंभालेखच काढा. स्तंभांमध्ये फट ठेवा, नाहीतर तो आयतालेख (हिस्टोग्राम) वाटेल आणि सर पुन्हा पेन उचलतील. आयतालेखात फट नसते कारण तिथे १० ते २० च्या पुढे २० ते ३० येतात. सायकलच्या पुढे एसटी येत नाही. साधनांना अंगचा क्रम नाही, म्हणून उंचीप्रमाणे उतरता लावा आणि ‘इतर’ असेल तर ते कितीही उंच असलं तरी शेवटी. ‘कधीच नाही, एकदोनदा, बहुतेक रोज’ हा क्रम मात्र तसाच राहू द्या. एक्सेलमधलं मोजणीचं पिव्होट टेबल अक्षरांच्या क्रमाने ओळी लावतं आणि ‘एकदोनदा’ला पहिला नंबर देऊन टाकतं, तो हाताने बदला.

आणि ते रंग. प्रकल्पाच्या तीन प्रती द्यायच्या म्हणजे तुम्ही एक रंगीत काढणार आणि दोन झेरॉक्स. स्पायरल बाइंडिंगमधल्या झेरॉक्सवर लाल, हिरवा आणि निळा तुकडा सारखाच करडा दिसतो, शेजारच्या सूचीतले चौकोनही करडे, आणि परीक्षकाला कळत नाही कुठला तुकडा कुणाचा. स्तंभाखाली नाव आणि डोक्यावर आकडा लिहिलेला असला की झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी वाचता येतं. तिरका करून जाडी दिलेला थ्रीडी पाय तर काढूच नका. त्यात पुढचा तुकडा आपल्या जाडीमुळेच मोठा दिसतो.

आता मुख्य मुद्दा. ३२ मुलगे आणि २० मुली. ३२ हा आकडा मोठा आहे हे खरंच. पण फॉर्म भरणारे मुलगेच दुप्पट होते! ८० पैकी ३२ म्हणजे ४० टक्के. ४० पैकी २० म्हणजे ५० टक्के. वाक्य उलटं झालं. आपले आजोबा टक्के म्हणत नसत, ‘शेकडा ४०’ म्हणत. तो शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात शंभराचा ढीग दिसतो: शंभर मुलगे असते तर चाळीस उशिरा, शंभर मुली असत्या तर पन्नास. दोन्ही ढीग सारखे करून घेतल्याशिवाय तुलना करायची नाही. जाता जाता, ‘मुलं’ हा शब्द तक्त्यात टाळा. आपल्या बोलण्यात त्यात मुलीही येतात. ‘मुलगे’ लिहा.

इथे एक गंमत आहे, ती खऱ्या आकड्यांवर दाखवते. टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ ला बुडालं. ब्रिटिश चौकशीतून आलेला त्याचा तक्ता जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत फिरतो.

पहिला वर्ग: ३२५ पैकी वाचले २०३
दुसरा वर्ग: २८५ पैकी वाचले ११८
तिसरा वर्ग: ७०६ पैकी वाचले १७८
कर्मचारी: ८८५ पैकी वाचले २१२
एकूण: २२०१ पैकी वाचले ७११

वाचलेल्यांचे आकडे नुसते वर-खाली बघा. वाचलेल्यांमध्ये सर्वांत जास्त कोण? कर्मचारी, २१२. तुमच्या पद्धतीने पाय चार्ट काढला तर सर्वांत मोठा तुकडा कर्मचाऱ्यांचा येईल, जवळजवळ ३० टक्के, आणि खाली कुणीतरी लिहील की कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःला वाचवलं. आता आडवं वाचा. पहिल्या वर्गातले ६२.५ टक्के वाचले, दुसऱ्यातले ४१.४, तिसऱ्यातले २५.२ आणि कर्मचाऱ्यांतले २४. सर्वांत मोठा तुकडा ज्यांचा, वाचण्याचं प्रमाण त्यांचंच सर्वांत कमी. ते जहाजावर होतेच मुळात जास्त.

त्याच तक्त्याची बायका-पुरुष अशी फोड केली तर ४७० बायका-मुलींपैकी ३४४ वाचल्या. हा ३४४ तीन वेगवेगळ्या आकड्यांनी भागता येतो. ४७० ने भागला तर ७३.२: बायकांपैकी किती वाचल्या. ७११ ने भागला तर ४८.४: वाचलेल्यांपैकी बायका किती. २२०१ ने भागला तर १५.६: जहाजावरच्या सगळ्यांपैकी ‘बाई आणि वाचलेली’ किती. तिन्ही बरोबर, आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. ‘४८ टक्के बायका वाचल्या’ असं वाक्य मी उत्तरपत्रिकांत अनेकदा वाचलंय. ते चूक आहे, आणि फरक फक्त शब्दांच्या जागेचा आहे. मराठीत ही चूक फार सहज होते: ‘उशिरा येणाऱ्यांतल्या मुली’ आणि ‘मुलींतल्या उशिरा येणाऱ्या’ हे कानाला जवळपास सारखंच लागतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना टक्के लिहिण्याआधी पूर्ण वाक्य लिहायला लावते, ‘... पैकी ... इतके’. पहिल्या गाळलेल्या जागी जे येईल त्यानेच भागायचं.

भागायचं कशाने हे कसं ठरवायचं? मी विचारते, कुठली गोष्ट आधीपासून ठरलेली होती? माणूस आधी तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढतो, मग वाचतो किंवा दगावतो. मुलगी आधी मुलगी असते, मग तिला उशीर होतो. जे आधीचं, त्याच्या बेरजेने भागायचं. प्रत्येक वेळी असं आधी-नंतर स्पष्ट नसतं. चहा आवडणं आणि क्रिकेट आवडणं यात आधी कोण? तिथे दोन्ही बाजूंनी बघावं लागतं आणि आपण काय शोधतोय त्यावर ठरतं. तुमच्या प्रकल्पात ती अडचण नाही.

याचं चित्र तुम्ही आठवीतच शिकलात, शतमान स्तंभालेख. मुलग्यांचा एक स्तंभ, मुलींचा एक, दोन्ही शंभर उंच, आत ‘कधीच नाही, एकदोनदा, बहुतेक रोज’ असे थर. खाली आवर्जून ‘८० मुलगे’, ‘४० मुली’ लिहा, कारण स्तंभ सारखे उंच केले की संख्या झाकली जाते. थर नको असतील तर ४० आणि ५० चे दोन साधे स्तंभ काढा, पण उभा अक्ष शून्यापासून. सॉफ्टवेअरने तो ३५ पासून सुरू केला तर मुलींचा स्तंभ मुलग्यांच्या तिप्पट उंच दिसेल.

तर आता ‘मुली जास्त उशिरा येतात’ असं लिहायचं का? थांबा. तुमच्याकडे आणखी एक रकाना आहे, एसटीचा. तुमच्या कॉलेजात गावाकडून एसटीने येणाऱ्यांत मुली जास्त आहेत का? असतील तर उशीर मुलींमुळे नसून एसटीमुळे असू शकेल. मी तुमची सामग्री पाहिलेली नाही, त्यामुळे काय निघेल ते सांगू शकत नाही, पण काय निघू शकतं ते टायटॅनिकच्याच तक्त्यात आहे. तिसऱ्या वर्गातले २५.२ टक्के वाचले, कर्मचाऱ्यांतले २४. म्हणजे प्रवासी किंचित सरस. आता फोड करा, मुलाबाळांना धरून. पुरुष: तिसऱ्या वर्गातल्या ५१० पैकी ८८, म्हणजे १७.३ टक्के. कर्मचाऱ्यांतल्या ८६२ पैकी १९२, म्हणजे २२.३. इथे कर्मचारी सरस. बायका: तिसऱ्या वर्गातल्या १९६ पैकी ९०, ४५.९ टक्के. कर्मचाऱ्यांतल्या २३ पैकी २०, ८७ टक्के. इथेही कर्मचारीच सरस!

पुरुषांत कर्मचारी पुढे, बायकांत कर्मचारी पुढे, आणि दोन्ही एकत्र केले की मागे. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी कॅल्क्युलेटरवर दोनदा बेरीज केली होती. कारण असं की बायकांना होड्यांत आधी जागा मिळाली, आणि कर्मचाऱ्यांत बायका होत्या ८८५ मध्ये अवघ्या २३. तिसऱ्या वर्गात ७०६ मध्ये १९६. म्हणजे एकूण टक्केवारीत आपण नकळत कर्मचारी विरुद्ध प्रवासी यापेक्षा पुरुषांचा जमाव विरुद्ध मिश्र जमाव अशी तुलना करत होतो. एडवर्ड सिम्प्सन यांच्या १९५१ च्या लेखावरून याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. तुमच्या प्रकल्पात हा निघेलच असं नाही. पण एसटीने येणारे मुलगे, एसटीने येणाऱ्या मुली, आणि बाकीचे मुलगे, बाकीच्या मुली असे चार आकडे काढल्याशिवाय मुलामुलींबद्दल काही लिहू नका. फोड केल्यावर एखाद्या खान्यात पाचसहाच जण उरले तर तिथे टक्के देऊ नका, ‘६ पैकी ४’ असंच लिहा. सहा जणांत एकाने मत बदललं की १७ टक्के हलतात.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सर तोंडी परीक्षेत विचारतील: ४० आणि ५० मधला फरक खरा आहे की योगायोग? पहिल्या वर्षाला हे तपासायची संख्याशास्त्रीय कसोटी नसते, पण त्यामागची कल्पना साध्या त्रैराशिकाची आहे. एकूण १२० पैकी ५२ जणांना उशीर झाला. मुलगा-मुलगी याचा उशिराशी काहीही संबंध नसता तर ४० मुलींपैकी किती जणींना उशीर झाला असता? ४० गुणिले ५२ भागिले १२०, म्हणजे साधारण १७. प्रत्यक्षात २०. सगळा फरक तीन मुलींचा! त्या तिघींना त्या आठवड्यात आधीची गाडी मिळाली असती तर तुमचा निष्कर्षच उरला नसता. पुढच्या वर्षी काय-स्क्वेअर कसोटी शिकाल, तेव्हा हेच आकडे घालून बघा: उत्तर १.०९ च्या आसपास येतं, आणि फरकाची दखल घ्यायला नेहमीच्या पाच टक्क्यांच्या पातळीवर ते निदान ३.८४ लागतं. टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाला हाच हिशेब लावला तर संबंध नसताना १०५ जण वाचायला हवे होते, वाचले २०३. हा फरक एखाद्या हुकलेल्या गाडीवर ढकलता येत नाही.

त्यातही तुमचे १२० जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. ग्रुपवर फॉर्म आल्यावर ज्याला भरावासा वाटला त्याने भरला. रोज उशीर होणारा ‘मला कशाला विचारता’ म्हणून पुढे गेला असेल, किंवा एसटीवर चिडलेल्यांनी हिरिरीने भरला असेल. कुठल्या बाजूला झुकलंय हे आता शोधता येणार नाही, म्हणून ‘कॉलेजातील मुली’ असं न लिहिता ‘फॉर्म भरणाऱ्या मुली’ लिहा.

मी तुमच्या जागी असते तर लाल रेघेखाली असं लिहिलं असतं: ‘फॉर्म भरणाऱ्या ८० मुलग्यांपैकी ३२ (४० टक्के) आणि ४० मुलींपैकी २० (५० टक्के) जणांना गेल्या आठवड्यात निदान एकदा पहिल्या तासाला उशीर झाला. फरक लहान आहे आणि त्यावरून संपूर्ण कॉलेजबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. प्रवासाच्या साधनानुसार केलेली फोड पुढील तक्त्यात.’ पाय चार्टच्या जागी दोन शतमान स्तंभ. सरासरी ३.१ चं पान काढूनच टाका, तिथे साधनांचा उतरता स्तंभालेख येऊ दे.

आणि तो पुढचा तक्ता, एसटी आणि बाकीचे, मुलगे आणि मुली, प्रत्येक खान्यात ‘इतक्यांपैकी इतके’, तयार झाला की त्याचे आकडे इथे टाका. चित्र नको, आकडेच टाका, मग त्यावर बोलू.